कर्नलच्या माडीवरचं वाक्य

तालुक्याच्या कोर्टातला वकील बहुतेक आयुष्य दुसऱ्याच्या पैशांत घालवतो. याने त्याला उसने दिले, त्याने बुडवले, हातचिठ्ठी आहे, साक्षीला मेहुणा आहे, लावा दावा. दिवाणी कोर्टात असं काम मी बराच काळ केलंय. त्यामुळे जुन्या वकिलांची चरित्रं वाचताना त्यांचे गाजलेले खटले मी मागे ठेवते. आधी बघते, माणसाच्या रोजच्या बोर्डावर काय होतं. गाजलेला खटला कधीतरी एका दिवशी दारातून आत येतो, पण त्या दिवशी खुर्चीत बसलेला वकील उसनवारीच्या दाव्यांनीच घडवलेला असतो.

थिओडोर सेजविक असा उसनवारीचा वकील होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला, बॉस्टनपासून शंभरावर मैल दूर, बर्कशायरच्या डोंगरांत हूसाटॉनिक नदीकाठी शेफील्ड नावाचं गाव आहे. अठराव्या शतकात तिथे नाणं कमी आणि उधारी फार. शेतकरी गावच्या दुकानदाराचं देणं लागायचा, दुकानदार किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याचं, व्यापारी लंडनच्या पेढीचं. वरच्या टोकाला कुणी तगादा लावला की खालच्या टोकाला शेतकऱ्याच्या गुरांवर जप्ती यायची, आणि जप्तीच्या कागदावर वकिलाचं नाव असायचं. ते नाव लोकांच्या लक्षात राहतं. सेजविकचंही राहिलं; त्याची किंमत त्याला पुढे मोजावी लागली.

त्याचा जन्म १७४६चा, कनेटिकटमधल्या वेस्ट हार्टफर्डचा. बाप लवकर गेला. थोरल्या भावाने पदरमोड करून येलला पाठवलं, आणि तिथे शेवटच्या वर्षी काही दांडगाई केली म्हणून कॉलेजने याला काढून टाकलं. (नाव झाल्यावर, १७७२ मध्ये, त्याच कॉलेजने पदवी देऊन टाकली. कॉलेजं अशीच असतात.) मग ग्रेट बॅरिंग्टनमध्ये मार्क हॉपकिन्स या वकिलाकडे बसून तो कायदा शिकला. तेव्हा लॉ कॉलेज हा प्रकार नव्हता. सीनियरची पुस्तकं वाचायची, त्याच्या कागदांच्या नकला करायच्या, त्याच्या मागे कोर्टात जायचं. १७६६ मध्ये, विशी गाठता गाठता, सनद मिळाली. लवकरच शेफील्डला बिऱ्हाड केलं. पहिली बायको एलिझा मेसन १७७१ मध्ये देवीने गेली. आजार आधी त्याला झाला होता. तो उठला, ती उठली नाही. तीन वर्षांनी त्याने पॅमेला ड्वाइट या बर्कशायरच्या बड्या घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं. छोट्या गावातल्या हुशार, गरीब घरच्या वकिलाने चढावं तसा तो पायरी पायरीने चढत होता.

त्या गावात सगळ्यात वरच्या पायरीवर कर्नल जॉन ॲशली बसलेला होता. मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक नागरी फौजेचा, कर्नल, सर्वांत मोठा जमीनदार आणि वर जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टाचा न्यायाधीश. नव्या वकिलाने ज्याच्याशी नीट वागलं पाहिजे असे गावातले सगळे लोक या एकाच माणसात होते. त्याने १७३५ मध्ये बांधलेलं घर आजही उभं आहे. माडीवर कोरीव लाकडी भिंतींची एक खोली आहे. जानेवारी १७७३ मध्ये गावातल्या अकरा जणांची समिती याच घरी बसली. इंग्लंडच्या पार्लमेंटने लादलेल्या करांविरुद्ध आणि कायद्यांविरुद्ध ठराव लिहायचा होता. समितीत वजन कर्नलचं, लेखणी सेजविकची. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

ठरावातलं पहिलं कलम असं: निसर्गतः सर्व माणसं समान, स्वतंत्र आणि एकमेकांपासून मोकळी आहेत, आणि आपलं जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता निर्वेध उपभोगण्याचा त्यांना हक्क आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा फिलाडेल्फियातला प्रसिद्ध जाहीरनामा याच्यानंतर साडेतीन वर्षांनी आला. शेफील्डचा ठराव १२ जानेवारीला गावसभेपुढे गेला आणि पुढच्या महिन्यात बॉस्टनच्या वर्तमानपत्रात छापून आला.

आता हा ठराव मी वकिलाच्या नजरेने वाचते. तरुण वकील असं वाक्य लिहितो तेव्हा त्याचा सगळा जीव ‘मालमत्ता’ या शब्दापाशी असतो. इंग्रज आपल्या पैशाला हात घालतोय, तो हात अडवायला मोठ्यात मोठं तत्त्व हवं, म्हणून ‘सर्व माणसं’. दाव्याला बळकटी यावी म्हणून कलम जरा रुंद लिहायचं, ही धंद्यातली सवय. रुंद कलम आणखी कुणाला लागू पडेल याचा विचार तेव्हा कुणी करत नाही. आणि त्या घरातली मालमत्ता तर खाली स्वयंपाकघरात उभी होती.

तिचं नाव बेट. न्यूयॉर्कच्या क्लॅव्हरॅकमधल्या होगबूम या डच घराण्याच्या मालकीत ती जन्मली, १७४४च्या आसपास. त्या घरची मुलगी हॅना कर्नल ॲशलीला दिली होती. बेट त्याच नात्यातून ॲशलींकडे आली. हॅनाबाई तापट. एके दिवशी चुलीतून तापलेलं लोखंडी फावडं उचलून ती लिझी नावाच्या मुलीवर धावली. लिझी बेटची बहीण होती असं कुणी सांगतात, मुलगी होती असं कुणी. बेटने मध्ये हात घातला आणि वार दंडावर घेतला. जखम हिवाळाभर चिघळली. ती नंतर सांगायची, की मी जखम मुद्दाम कधी झाकली नाही. मालकिणीसमोर कुणी विचारलं, अगं बेट्टी, हाताला काय झालं, तर म्हणायची, बाईसाहेबांना विचारा.

साक्षीदार कसा असावा ते मला या एका उत्तरात दिसतं. आरोप नाही, रडगाणं नाही. पुरावा उघडा ठेवलेला आणि प्रश्न योग्य पत्त्यावर पाठवलेला.

माडीवर ठराव शिजत होता तेव्हा बेट तिथे येत-जात होती आणि सगळं ऐकत होती, अशी गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. सेजविकची धाकटी मुलगी कॅथरीन, जी पुढे मोठी कादंबरीकार झाली, तिने वेगळं लिहून ठेवलंय: गावच्या सभागृहात जाहीरनामा वाचला गेला, तो बेटने ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी ती सेजविकच्या कचेरीत आली. म्हणाली, काल तो कागद वाचला जाताना मी ऐकला, त्यात सगळे समान जन्मतात आणि प्रत्येकाला स्वातंत्र्याचा हक्क आहे असं आहे. मी काही मुकं जनावर नाही. कायदा मला माझं स्वातंत्र्य देणार नाही का?

जाहीरनाम्यापेक्षा हे शब्द मॅसॅच्युसेट्सच्या नव्या घटनेशी जास्त जुळतात. ती घटना १७८० मध्ये लागू झाली, मसुदा मुख्यतः जॉन ॲडम्सचा, आणि पहिलंच कलम ‘सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत’ असं. बेटने नेमकं काय आणि कुठे ऐकलं यावर अभ्यासक वाद घालोत. माझ्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. लिहितावाचता न येणाऱ्या या बाईने वकील बरोबर निवडला. ज्याने ते वाक्य लिहिण्यात हात घातला होता त्याच्याच दारात ती ते वाक्य घेऊन गेली. नाही कसं म्हणेल?

म्हणू शकला असता. कारणं पुष्कळ होती. प्रतिवादी कर्नल ॲशली: ओळखीचा, वजनदार, वर्षानुवर्षं त्याच कोर्टाच्या खुर्चीवर बसलेला. वादी फी देऊ शकत नाही. शिवाय सेजविकचे स्वतःचे हातही कोरे नव्हते. १ जुलै १७७७ची एक पावती बॉस्टनच्या इतिहास संस्थेच्या संग्रहात आहे: जॉन फेलोज याने टॉन नावाचा गुलाम थिओडोर सेजविक याला विकला. ठराव लिहिल्यानंतर चार वर्षांनी. म्हणजे वाक्य लिहिणाऱ्याने स्वतः ते वाचलं नव्हतं असंच म्हणायला हवं.

तरी त्याने वकीलपत्र घेतलं. का, याची मी बरीच उत्तरं वाचलीत. कुणी म्हणतं नव्या घटनेचं पहिलं कलम खरंच काय करू शकतं हे पाहायला प्रांतातल्या काही मोठ्या लोकांना एक नमुन्याचा खटला हवाच होता. कुणी त्याच्या सहृदयतेचे गोडवे गातं. मला दोन्ही थोडं थोडं पटतं, आणि तिसरं एक कारण मनात येतं: त्याला मुद्दा आवडला असणार. उसनवारीच्या शंभर दाव्यांनंतर एखादा पक्षकार असा प्रश्न घेऊन येतो की त्याचं उत्तर पुस्तकात नसतं. त्या दिवशी वकिलाची झोप उडते. यात पुण्य कमी आणि धंद्याची खुमखुमी जास्त असते, पण पक्षकाराचं काम होतं.

सेजविकने जोडीला टॅपिंग रीव्हला घेतलं. हा कनेटिकटच्या लिचफील्डचा वकील. तिथे त्याने पुढे अमेरिकेतल्या पहिल्या लॉ स्कूलांपैकी एक चालवलं. बेटच्या बरोबरीने ॲशलीकडच्याच ब्रॉम नावाच्या माणसाला वादी केलं. एकट्या बाईचा दावा टिकेल की नाही याची धास्ती असावी असं मानतात. आणि मग त्यांनी जो मार्ग निवडला तो पाहून मी मनातल्या मनात टोपी काढली. त्यांनी रिप्लेव्हिनचा हुकूम मागितला. दुसऱ्याने बेकायदा अडकवून ठेवलेली चीजवस्तू सोडवून घेण्यासाठीचा हा जुना इंग्रजी उपाय. शेरिफने जायचं, वस्तू सोडवायची, आणि मग मालकी कुणाची हे कोर्टाने ठरवायचं. मे १७८१ मध्ये शेरिफ कर्नलकडे गेला, ब्रॉम आणि बेटला सोडा म्हणाला. कर्नल म्हणाला, नाही, ते आजन्म माझे नोकर आहेत.

झालं, कर्नल मुद्द्यावर आला. आता त्याला ती मालकी कायदेशीर आहे हे सिद्ध करणं भाग होतं. मारहाण, फावडं, दंडावरची जखम, यातलं काहीच दाव्याच्या गाभ्यात नव्हतं. वाईट मालक की चांगला मालक या वादात शिरलंच नाही कुणी. शिरले असते तर कर्नलच्या बाजूने गावातले दहा प्रतिष्ठित येऊन सांगून गेले असते की कर्नल किती सज्जन आहे. आणि तो होताही म्हणे. दावा एवढाच: घटनेच्या पहिल्या कलमानंतर अशी मालकी या राज्यात असू शकते का?

‘ब्रॉम आणि बेट विरुद्ध ॲशली’ हा दावा ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या दिवाणी कोर्टात चालला. ज्यूरीत बर्कशायरचे गोरे, जमीनजुमला असलेले पुरुष. त्यांनी निकाल दिला की ब्रॉम आणि बेट हे ॲशलीचे कायदेशीर गुलाम नाहीत आणि दावा दाखल झाला तेव्हाही नव्हते. नुकसानभरपाई तीस शिलिंग आणि दाव्याचा खर्च. कर्नलने वरच्या कोर्टात अपील केलं आणि काही आठवड्यांतच मागे घेतलं. तेवढ्यात क्वॉक वॉकर नावाच्या दुसऱ्या एका गुलामाचे दावे त्याच दिशेने निकाली निघत होते; वारा कुठला आहे हे जुन्या न्यायाधीशाला कळलं असणार. १७९०च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या रकान्यात गुलामांची संख्या शून्य लिहिली गेली.

तीस शिलिंग. मी हा आकडा वाचून बराच वेळ हसत होते. हुकूमनाम्यातले आकडे नेहमी असेच असतात, खऱ्या गोष्टीशी त्यांचा काही संबंध नसतो.

ब्रॉम इथून पुढे गोष्टीतून उतरतो. बेटने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. कर्नलने पगारावर परत ये म्हणून विचारलं, ती गेली नाही. ती सेजविकांकडे पगारी कामाला राहिली. गावात सुईण आणि शुश्रूषा करणारी म्हणूनही तिचं नाव झालं. सेजविकची मुलं तिला मम्बेट म्हणायची.

आणि सेजविक? तो चढत गेला. राज्याच्या विधिमंडळात दोन्ही सभागृहांत बसला, कॉन्टिनेंटल काँग्रेस या सगळ्या राज्यांच्या सभेवर गेला, १७८५ मध्ये शेफील्ड सोडून शेजारच्या स्टॉकब्रिजमध्ये मोठं घर बांधलं. त्याच सुमारास खालच्या टोकाचा शेतकरी उठला. युद्ध लढून आलेल्या माणसांवर कर आणि कर्ज यांची वसुली सुरू झाली होती, तीही रोख नाण्यात. १७८६च्या शरदात कर्जदार शेतकऱ्यांचे जमाव कोर्टाच्या दारात उभे राहू लागले आणि न्यायाधीशांना बसू देईनात. कोर्ट बसलं नाही की हुकूमनामा नाही, हुकूमनामा नाही तर जप्ती नाही. हिशोब सरळ होता. ग्रेट बॅरिंग्टनचं कोर्टही त्यांनी बंद पाडलं. पाच वर्षांपूर्वी बेटचा निकाल लागला होता तिथेच. इतिहासात याला शेजचं बंड म्हणतात, डॅनियल शेज या माजी कॅप्टनच्या नावाने.

सेजविक या बंडाचा कट्टर वैरी. माझी सहानुभूती इथे सरळ शेतकऱ्यांकडे जाते, आणि वकील म्हणून थोडी अवघडतेही, कारण कोर्टाला कुलूप लागलं की बेटसारख्यांचाही मार्ग बंद होतो. फेब्रुवारी १७८७ मध्ये बंडातल्या पेरेझ हॅम्लिनच्या टोळीने स्टॉकब्रिज लुटलं. सेजविक घरी नव्हता. दारात मम्बेट होती. तिने घरची चांदी आपल्या पेटीत लपवली आणि हातात चुलीजवळचं फावडं घेऊन टोळीतल्या माणसांबरोबर खोली खोली फिरली. ते तिची पेटी उघडायला निघाले तेव्हा म्हणाली, एवढे मोठे तुम्ही, आणि एका बापड्या काळ्या बाईची पेटी फोडणार? लाजून पुढे गेले म्हणे. ही गोष्ट कॅथरीनने सांगितलेली आहे, आणि सेजविक घराण्यात ती स्वामिनिष्ठेची गोष्ट म्हणून सांगितली जायची. मला ती एका अनुभवी बाईची गोष्ट वाटते. फावड्याचं वजन तिच्याइतकं त्या गावात कुणाला ठाऊक होतं?

नव्या संघराज्याच्या पहिल्या काँग्रेसमध्ये १७८९ला सेजविक निवडून आला. पुढची बारा वर्षं तो राजधानीतच: आधी प्रतिनिधी, मग सिनेटर, मग १७९९ ते १८०१ प्रतिनिधिगृहाचा सभापती. तालुक्याच्या वकिलासाठी याहून वर फारसं काही उरत नाही. पण या वर्षांमधला सेजविक मला आवडत नाही. तो फेडरलिस्ट पक्षातल्या कडव्यांपैकी. राज्य शहाण्या, शिकलेल्या, मालमत्ताधारी लोकांनी चालवावं, बाकीच्यांनी त्यांना मत द्यावं आणि गप्प बसावं, असा त्याचा पिंड. कॅथरीनने लिहिलंय की लोकशाहीची मोकळीक रुचायला तिचे वडील जरा लवकरच जन्मले. कुणी कारागीर बिनदिक्कत पुढच्या दाराने आला तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आणि एका पोराने सांगूनही टोपी काढली नाही तेव्हा त्याला त्यांनी पायऱ्यांवरून घालवून दिलेलं तिला आठवत होतं. लाथ मारली नाही, पण अर्थ स्पष्ट होता, असं ती प्रेमाने पुस्ती जोडते.

सभापती म्हणून त्याने सॅम्युएल हॅरिसन स्मिथ या विरोधी मताच्या संपादकाला सभागृहात बसून टिपणं घेऊ दिली नाहीत, नंतर गॅलरीतूनही बाहेर काढलं. फेब्रुवारी १८०१ मध्ये विरोधी पक्षाच्या जेफरसन आणि बर यांना अध्यक्षपदासाठी सारखीच, ७३-७३ मतं पडली आणि निवड प्रतिनिधिगृहाकडे आली. ११ ते १७ फेब्रुवारी, मतदानाच्या छत्तीस फेऱ्या. खुर्चीवर सेजविक. त्याला जेफरसन नको होता, इतका नको होता की बरसारख्या बेभरवशाच्या माणसाला तो पसंती देत होता. आपल्या पक्षाचा पुढारी हॅमिल्टन याला तसं त्याने लिहिलंही. छत्तिसाव्या फेरीत जेफरसन निवडून आला. सेजविक घरी परतला.

या काळातली एक नोंद मात्र मला सोडवत नाही. नोव्हेंबर १७९१ मध्ये पळून गेलेले गुन्हेगार आणि पळून गेलेले गुलाम परत कसे करायचे याचा मसुदा करायला प्रतिनिधिगृहाने तिघांची समिती नेमली. त्यात सेजविक होता. तो मसुदा पुढे सरकला नाही. सिनेटने वेगळा केला, आणि तो १७९३ मध्ये कायदा झाला: गुलाम कुठेही पळाला तरी मालकाने त्याला पकडून न्यावं. पण समितीच्या मसुद्यावर नाव आहे ते आहे. घरी बेट पगारी कामावर, तिला मोकळं करणारा माणूस फिलाडेल्फियात बसून तिच्यासारख्यांच्या धरपकडीची कलमं रचतोय. ढोंगी म्हणून मोकळं होता येईल, पण मला ते पुरत नाही. मसुदा हे वकिलाचं काम आहे. संघराज्याच्या घटनेत पळालेल्या गुलामांबद्दल एक तरतूद होती, तिला यंत्रणा हवी होती, त्याला सांगितलं गेलं, त्याने लिहून दिलं. १७७३ मध्येही त्याला सांगितलं गेलं होतं आणि त्याने लिहून दिलं होतं. दोन्ही वेळी हात तोच, सफाई तीच.

घरची गोष्ट आणखी वेगळी. पॅमेलाला दहा मुलं झाली, सात जगली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिचं मन वारंवार कोसळायला लागलं. नवरा महिनोन् महिने शेकडो मैल दूर. घर, मुलं आणि आजारी आई, हे सगळं मम्बेटच्या अंगावर. आईचं मन बिघडलं की तिला शांत करू शकेल अशी एकटी मम्बेटच होती, असं कॅथरीनने लिहून ठेवलंय. सार्वजनिक कामाला वाहून घेतलेल्या पुरुषांच्या चरित्रांत असं एक पान नेहमी असतं, आणि चरित्रकार ते भरभर उलटतात. पॅमेला १८०७ मध्ये गेली.

जाता जाता एक धागा आपल्याकडे येतो तोही सांगते. ज्या ग्रेट बॅरिंग्टनमध्ये बेटचा निकाल लागला, तिथेच १८६८ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस जन्मले. बेट आपल्या पणजोबांची दुसरी बायको होती असं ते अभिमानाने सांगत. संशोधकांना ते पटत नाही, पण अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीच्या या महापंडिताला आपलं नातं नेमकं तिच्याशी जोडावंसं वाटलं, एवढं माझ्यासाठी पुरे. याच डू बॉइसना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेल्याचं त्यांना कळलं होतं. अस्पृश्यांची स्थिती आणि निग्रोंची स्थिती यांत फार साम्य आहे, त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, अशी विचारणा होती. डू बॉइसनी तत्परतेने उत्तर दिलं. वकील आणि विधिमंडळाचे सभासद बाबासाहेबही होते, पण फरक बघा: सेजविककडे बेटचा प्रश्न पक्षकाराच्या रूपाने बाहेरून आला. बाबासाहेबांना तो कचेरीच्या दारातून यायची गरजच नव्हती.

१८०२ मध्ये सेजविक मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला आणि मरेपर्यंत, १८१३ पर्यंत, तिथे राहिला. इथला सेजविक मला पुन्हा थोडा ओळखीचा वाटतो. गिल्बर्ट स्टुअर्टने काढलेलं त्याचं चित्र याच काळातलं. १८१० मध्ये ‘ग्रीनवुड विरुद्ध कर्टिस’ हा दावा आला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झालेला व्यवहार, देणं काही अंशी माणसांच्या रूपाने फेडायचं ठरलेलं. ते फेडलं नाही म्हणून इथे वसुली. पुन्हा उसनवारीच. बहुमताने सांगितलं की करार जिथे झाला तिथे तो वैध होता, तेव्हा पैसे द्या. सेजविकने भिन्नमत लिहिलं: ज्या कराराच्या मुळाशीच असा अनाचार आहे त्याच्या वसुलीला या राज्याचं कोर्ट हातभार लावणार नाही. तो एकटा पडला, वसुली झाली. आयुष्यभर वसुली करून देणाऱ्या वकिलाने एका वसुलीला नाही म्हटलं, हे मी त्याच्या खात्यावर जमेला धरते. तीस वर्षांपूर्वीच्या दाव्यात त्याला पक्षकाराने पुढे ढकललं होतं. या वेळी कुणी ढकलायला नव्हतं.

स्टॉकब्रिजच्या दफनभूमीत सेजविकांच्या कबरी वर्तुळात आहेत. मध्यभागी थिओडोर आणि पॅमेला, भोवती मुलं, नातवंडं, पतवंडं, सगळ्यांचे पाय मध्याकडे. कयामतीच्या दिवशी उठून बसल्यावर सेजविकांना फक्त सेजविक दिसावेत म्हणून ही रचना, असं गावात गमतीने म्हणतात. आतल्या वर्तुळात, कॅथरीनशेजारी, एक कबर सेजविक नसलेल्या बाईची आहे. मम्बेट २८ डिसेंबर १८२९ला गेली, सेजविकनंतर जवळजवळ सतरा वर्षांनी. स्वतःच्या कमाईचं घर आणि जमीन मागे ठेवून.

तिच्या दगडावरचा मजकूर सेजविकच्या धाकट्या मुलाने, चार्ल्सने, लिहिला. ती गुलाम म्हणून जन्मली आणि सुमारे तीस वर्षं गुलामीत राहिली, असं त्यात आहे. वय पंच्याऐंशी धरलंय, म्हणजे १७८१ मध्ये ती सदतीस वर्षांची. हिशोब जुळत नाही, पण ते असो. पुढे: तिला लिहितावाचता येत नव्हतं, तरी आपल्या क्षेत्रात तिची बरोबरी करणारं कुणी नव्हतं. तिने वेळ किंवा पैसा वाया घालवला नाही, कधी विश्वासघात केला नाही, कर्तव्यात चुकली नाही, घरातल्या प्रत्येक संकटात तिच्याइतकी मदत आणि माया कुणी केली नाही. शेवटी निरोप, ‘माते’ म्हणून. मजकूर मनापासूनचा आहे, वाचताना गळा दाटतो.

पण ती मोकळी कशी झाली याबद्दल त्यात अवाक्षर नाही. कोर्ट नाही, कर्नल नाही, ज्यूरी नाही, घटनेचं कलम नाही. दगड वाचून वाटावं की तीस वर्षं झाली आणि गुलामी आपली आपण संपली. चार्ल्स सेजविक बर्कशायर जिल्ह्याच्या कोर्टांचा क्लार्क होता. दाव्यांची दप्तरं त्याच्याच ताब्यात असायची.